‘मुलगाच हवा’ ते ‘असाच मुलगा हवा’

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातील शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या. राज्यातले हे सर्वांत कमी प्रमाण. २००१ मध्ये ते ८९४ होते. म्हणजे दहा वर्षांत हजारामागे ८७ मुली कमी झाल्या. त्या दहा वर्षांत केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या परिसरात कोणी जनुकशास्त्राची प्रयोगशाळा उघडली नव्हती. मात्र तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफीचे यंत्र पोचले होते. कोणते मूल जन्माला यावे आणि कोणते येऊ नये, याचा निकाल कितीतरी घरांपुरता त्या यंत्राच्या पडद्यावर लागत होता.

मानवी जनुकांत फेरफार करण्याच्या तंत्राची चर्चा निघाली की ती बोस्टनची किंवा बीजिंगची गोष्ट वाटते. पुढारलेल्या देशांचे प्रश्न, आपल्याकडे यायला अजून पन्नास वर्षे आहेत, असे म्हणून पान उलटले जाते. प्रत्यक्षात त्यातला तांत्रिक भाग तेवढा नवा आहे. नैतिक आणि सामाजिक भागाची परीक्षा मराठवाड्याने आधीच दिली आहे, आणि तिचा निकालही सर्वांसमोर आहे. पुढच्या परीक्षेला बसण्यापूर्वी जुनी उत्तरपत्रिका नीट वाचून घेणे शहाणपणाचे ठरेल.

आधी तंत्र काय आहे ते पाहू. माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक मजकूर असतो आणि शरीराची प्रथिने कशी बनवायची, हे त्यात लिहिलेले असते. त्या मजकुरात एखादे अक्षर चुकले तरी आजार होऊ शकतो. सिकल सेल हे त्याचे ठळक उदाहरण. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये ‘क्रिस्पर’ ही जनुकीय कात्री कशी वापरता येईल हे दाखवले. त्यासाठी २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कात्रीने डीएनएमधली नेमकी जागा शोधून तिथे काप देता येतो. पूर्वी अशा कामाला वर्षे लागत आणि मोठ्या प्रयोगशाळा लागत. आता ते स्वस्त आणि सोपे झाले आहे.

ही कात्री दोन अगदी वेगळ्या ठिकाणी चालवता येते, आणि सगळी नैतिक चर्चा या फरकावर उभी आहे. पहिली जागा म्हणजे आजारी माणसाच्या शरीरातल्या नेहमीच्या पेशी. तिथे केलेला बदल त्या माणसापुरता राहतो आणि त्याच्याबरोबर संपतो. दुसरी जागा म्हणजे बीज, शुक्राणू किंवा नुकतेच तयार झालेले भ्रूण. तिथला बदल जन्माला येणाऱ्या मुलाच्या प्रत्येक पेशीत उतरतो. पुढे त्याच्या मुलांत, नातवंडांतही तो जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात रुग्ण समोर असतो आणि त्याला विचारता येते. दुसऱ्यात ज्याच्यावर प्रयोग होतो तो अजून जन्मलेलाच नसतो.

पहिल्या प्रकाराला घाबरण्याचे कारण नाही. उलट तो लवकर आणि स्वस्तात पोचावा, असा आग्रह धरायला हवा. रक्ताच्या काही कर्करोगांवरची ‘नेक्सकार१९’ ही उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून उभी राहिली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घालतात आणि कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून त्या परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने तिला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. परदेशातल्या अशा उपचारांच्या सुमारे एक दशांश खर्चात ती मिळते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जनुकीय उपचार झाले आणि त्याचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस जगापुढे आले. सिकल सेल आणि थॅलेसेमियावरच्या ‘कॅसजेव्ही’ या पहिल्या क्रिस्पर-उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरात परवानगी दिली. हे सगळे मानवी जनुकांतलेच फेरफार आहेत आणि त्यातून माणसे बरी होत आहेत.

दुसऱ्या प्रकाराचे काय होते, हे नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमध्ये दिसले. हे जियानकुई या संशोधकाने भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. त्यांचे वडील एचआयव्हीबाधित होते आणि मुलींना त्या विषाणूची लागण होऊ नये म्हणून ‘सीसीआर५’ हे जनुक निकामी करण्याचा प्रयत्न झाला होता. वरवर हेतू चांगला वाटतो. पण वीर्यातून विषाणू वेगळा करण्याची साधी, सुरक्षित पद्धत आधीपासून उपलब्ध होती. पालकांकडून घेतलेल्या संमतिपत्रात या प्रयोगाचे वर्णन ‘एड्सवरील लस विकसित करण्याचा प्रकल्प’ असे होते. नैतिक समितीच्या परवानगीची कागदपत्रे बनावट निघाली. डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास आणि ३० लाख युआन दंड ठोठावला. शिक्षा संशोधकाला झाली, पण त्या मुलींच्या पेशींतला बदल कोणत्याही न्यायालयाला मागे घेता येणार नाही.

भ्रूणाच्या संपादनात तीन शास्त्रीय धोके आहेत आणि ते साध्या शब्दांत सांगता येतात. कात्री नेमून दिलेल्या जागेऐवजी दुसरीकडेही चालू शकते. भ्रूणाच्या काही पेशींत बदल होतो, काहींत होत नाही, आणि मूल अर्धेमुर्धे बदललेले जन्मते. तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे: एका जनुकाची कामे अनेक असतात. सिकल सेलच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला सहसा त्रास होत नाही. उलट गंभीर मलेरियापासून त्याला काही प्रमाणात संरक्षण मिळते. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात सिकल सेल टिकून राहिला, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हा हिशेब आहे. एका बाजूने ‘दोष’ दिसणारी गोष्ट दुसऱ्या बाजूने ढाल असते. सगळ्या बाजू माहीत होण्याआधी ती कायमची पुसून टाकणे हे शास्त्र नव्हे, उतावीळपणा आहे.

शिवाय गरज किती आहे? आई-वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे बहुतेक वेळा निरोगी बाळ जन्मते. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म नमुना तपासून निदान करता येते. कृत्रिम गर्भधारणा करणाऱ्या जोडप्यांना भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वीही तपासता येते. भ्रूणाचे जनुक बदलण्यावाचून मार्गच उरत नाही, अशी जोडपी फारच थोडी. मग या तंत्राची एवढी ओढ कशासाठी? ती आजार टाळण्यापेक्षा मूल घडवण्याची ओढ आहे, अशी शंका इथे येते. बीडचा धडा सुरू होतो तो नेमका इथे.

गर्भजल तपासणीचे तंत्र भारतात १९७० च्या दशकाच्या मध्यावर आले, ते गर्भातले जनुकीय आजार ओळखण्यासाठी. मुलगी शोधण्यासाठी ते कोणी आणले नव्हते. काही वर्षांतच त्याचा मुख्य वापर मात्र तोच झाला. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि डॉक्टरांनी १९८० च्या दशकात त्याविरुद्ध मोहीम उभारली. त्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला. तोवर सोनोग्राफीने गर्भजल तपासणीला मागे टाकले होते. मग गर्भधारणेपूर्वीच लिंग ठरवण्याची तंत्रे आली. ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर २००३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन ही तंत्रेही त्याच्या कक्षेत आली. कायदा आणि तंत्र यांची ही शर्यत होती आणि प्रत्येक फेरीत कायदा मागे होता.

या शर्यतीची किंमत बीडने मोजली. मे २०१२ मध्ये परळीतल्या एका रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला आणि जिल्ह्यात काय चालले होते ते सगळ्या देशाने पाहिले. संबंधित डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचा समावेश झाला. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी वाढली, जनजागृती झाली. तरीही २०२२ मध्ये बीड जिल्ह्यातच अवैध गर्भपातातून पुन्हा एका महिलेचा जीव गेला. त्या दशकात जन्मलेली मुले आता लग्नाच्या वयाला येत आहेत. मुलांना मुली मिळत नाहीत, मध्यस्थांना पैसे देऊन परगावाहून सून आणावी लागते, त्यात फसवणूक होते, या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. एका घरात बंद दाराआड घेतलेल्या निर्णयाचे बिल वीस वर्षांनी सगळ्या गावाच्या नावे फाटते.

यातून पहिला धडा असा की, आजारासाठी आलेले तंत्र आजारापुरते राहत नाही. समाजाची जी इच्छा आधीपासून असते, ती त्या तंत्राला आपल्या कामाला जुंपते. ‘वंशाला दिवा हवा’ ही इच्छा सोनोग्राफीच्या आधीची आहे. यंत्राने ती निर्माण केली नाही, तिला हात दिले. आता हेच पुढे न्यावे. मूल गोरे व्हावे म्हणून गरोदर सुनेला केशर घातलेले दूध देणारी घरे आहेत. ‘उंच, गोरी, सुशिक्षित’ या तीन शब्दांशिवाय लग्नाची जाहिरात पुरी होत नाही. बुद्धिमान आणि तेजस्वी संततीचे आश्वासन देणाऱ्या गर्भसंस्कार वर्गांची फी शहरांतली जोडपी आनंदाने भरतात. मागणी तयार आहे, फक्त दुकान उघडायचे बाकी आहे. अमेरिकेत तर ते उघडलेही. भ्रूणांना आजारांच्या आणि बुद्धिमत्तेच्या शक्यतेनुसार गुण देणाऱ्या कंपन्या तिथे उभ्या आहेत. बुद्धी किंवा उंची शेकडो-हजारो जनुकांवर, खाण्यापिण्यावर आणि शाळेवर अवलंबून असते. एका भ्रूणाच्या अहवालातून तिचे भाकीत करणे अत्यंत कच्चे आहे. पण कच्चे भाकीत विकले जात नाही, असे ज्योतिषाच्या देशात कोणी म्हणू नये.

दुसरा धडा ‘निवड’ या शब्दाविषयी आहे. जनुकीय तंत्राचे समर्थक म्हणतात की, हा पालकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. सक्ती कोणावरच नाही. बीडमध्ये गर्भलिंगनिदानाची सक्तीही कोणी केली नव्हती. बाई स्वतःच्या पायाने चालत जात होती. पण तिसरी मुलगी झाली तर घरात काय ऐकावे लागेल, नवरा दुसरे लग्न करील का, हुंड्याची रक्कम कुठून आणायची, हे सगळे तिच्याबरोबर चालत होते. त्याला निवड म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ फार स्वस्त करावा लागेल.

याच जिल्ह्यात आणखी एक उदाहरण आहे. ऊसतोड मजूर महिलांमध्ये गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. तिथेही कोणी बळजबरीने टेबलावर झोपवले नव्हते. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळी, अंगावरून जाणे, पोटदुखी म्हणजे बुडालेली मजुरी. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, शौचालय नाही. कॅन्सरची भीती घातली की पंचविशी-तिशीतली बाई पिशवी काढायला तयार होते. काम माणसाला सोसेल असे करण्याऐवजी माणूस कामाला सोसेल असा कापला गेला. जनुकीय तंत्राबाबत सर्वांत मोठी भीती हीच असायला हवी. काळ्या रंगाचा तिरस्कार कमी करण्याऐवजी रंग बदलायचा, अपंगांसाठी उतार बांधण्याऐवजी अपंग जन्मूच द्यायचे नाहीत, असा हिशेब एकदा सोपा झाला की समाज सुधारण्याची गरजच कोणाला वाटणार नाही.

तिसरा धडा ‘उत्तम संतती’च्या कल्पनेबद्दलचा आहे आणि तो जुना आहे. ‘सुप्रजनन’ हा शब्द मराठी वाचकाला शंभर वर्षांपासून ओळखीचा आहे. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी, असे सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. तेव्हा तो पुरोगामी विचार मानला जाई. त्याच कल्पनेच्या आधारे युरोप-अमेरिकेत लाखो माणसांची सक्तीने नसबंदी झाली आणि नाझी जर्मनीत तिचे टोक गाठले गेले. रक्तशुद्धीच्या नावाने जातिव्यवस्थेला शास्त्राचा टेकू देण्याचा प्रयत्नही झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणात त्याचा मुद्देसूद समाचार घेतला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या. त्यासाठी मासिक पाळीच्या स्वच्छतेचे कारण पुढे केले गेले आणि तीव्र निषेध झाल्यावर त्या थांबल्या. या प्रत्येक वेळी निर्णय घेणारी माणसे शिकलेली होती आणि आपण भलेच करतो आहोत, याची त्यांना खात्री होती.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. ज्या घरात थॅलेसेमियाचे मूल आहे, दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवण्यासाठी ज्यांच्या फेऱ्या चालू आहेत, त्यांना हे तत्त्वज्ञान कशाला सांगता? त्यांचे दुसरे मूल तरी निरोगी जन्मावे, ही इच्छा आणि ‘मुलगाच हवा’ ही इच्छा एकाच पारड्यात कशी घालता? आक्षेप रास्त आहे. या दोन इच्छा एक नाहीत आणि कायद्यानेही त्या एक मानलेल्या नाहीत. गंभीर जनुकीय आजारासाठी गर्भाची तपासणी आजही कायदेशीर आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानेही भ्रूणाच्या तपासणीला आजारापुरती मुभा दिली आहे आणि लिंगनिवडीला मनाई केली आहे. मूल भोगेल ती वेदना टाळायची आहे की पालकांची हौस पुरवायची आहे, हा प्रश्न रेषा आखायला पुष्कळ उपयोगी पडतो. सगळ्या वेळी त्याचे उत्तर सोपे नसेल. बहिरेपणा किंवा बुटकेपणा हा आजार की वेगळेपण, यावर ती माणसे स्वतः काय म्हणतात हे ऐकावे लागेल. अवघड प्रकरणे आहेत म्हणून रेषाच नको, असे मात्र होत नाही.

आता प्रश्न न्यायाचा. ‘कॅसजेव्ही’ची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ ते १९ कोटी रुपये आहे. सिकल सेलचे भारतातले रुग्ण मुख्यतः आदिवासी आणि दलित समाजांत आहेत: गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, धुळे, मेळघाट. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रांमधून मिळणारी मदत ५० लाखांपर्यंत आहे. २०२१ मध्ये स्नायूंच्या एका जनुकीय आजाराने ग्रासलेल्या मुंबईच्या तान्ह्या मुलीसाठी सुमारे १६ कोटींचे औषध लोकवर्गणीतून आणावे लागले होते. लोकवर्गणी हा दयाळूपणा आहे, आरोग्यव्यवस्था नाही. ज्याची गोष्ट समाजमाध्यमांवर पसरेल तोच वाचेल, असा हा हिशेब होतो. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. तोवर बहुतांश रुग्णांना आधार आहे तो हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीचा, फॉलिक अॅसिडचा, लसींचा आणि वेळेवर मिळणाऱ्या रक्ताच्या पिशवीचा. जनुकीय उपचारांच्या बातम्यांच्या झगमगाटात ही गोळी आरोग्य केंद्रातून संपता कामा नये.

जनुकांची माहिती ही नुसती वैद्यकीय माहिती नसते, हे गावाला चांगले कळते. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. अशा नात्यातल्या लग्नात काही जनुकीय आजारांचा धोका वाढतो. गंभीर जन्मजात आजाराची सर्वसाधारण शक्यता शेकडा दोन-तीन असते, ती सख्ख्या आते-मामे भावंडांत साधारण दुप्पट होते. हे सांगायलाच हवे. पण ते सांगताना दोष कोणाच्या पदरी पडतो तेही पाहावे लागेल. आजारी मुलासाठी आई आणि बाप दोघांकडून एकेक जनुक यावे लागते, तरी ‘तिच्या रक्तात खोट आहे’ म्हणून माहेरी धाडली जाते ती सूनच. तपासणीत वाहक निघालेल्या मुलीचे लग्न मोडते, वाहक मुलाची तपासणीच होत नाही. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे एक वाक्य नीट समजावले गेले नाही तर चांगल्या हेतूचे अभियान कलंक वाटत फिरेल. विम्याचेही तसेच. जनुकीय आजाराच्या नावाखाली सरसकट विमा नाकारणे भेदभावाचे आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला वेगळे, अधिक कडक कवच नाही. रक्ताचा थेंब देणाऱ्या माणसाला तो थेंब पुढे कुठे जातो, हे कळण्याचा हक्क असला पाहिजे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट कायद्याची. जन्माला येणाऱ्या मुलाच्या भ्रूणात जनुकीय बदल करण्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. जनुकीय उपचारांच्या चाचण्यांसाठी २०१९ ची वेगळी तत्त्वेही आहेत. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. या एका गोष्टीसाठी स्पष्ट गुन्हा आणि स्पष्ट शिक्षा सांगणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. सोनोग्राफीच्या वेळी कायदा तंत्राच्या मागून धावला. या वेळी तो आधी उभा राहू शकतो, कारण दुकान अजून इथे उघडलेले नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली होती. आताही राज्याने केंद्राकडे हा आग्रह धरावा.

दुसरी गोष्ट समुपदेशनाची. नांदूरघाटच्या जोडप्याला आज जनुकीय सल्ला हवा असेल तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय इथे थॅलेसेमिया-सिकल सेलची तपासणी आणि मराठीत बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक कायम असावा. त्याने पर्याय सांगावेत, निर्णय सांगू नये. नवरा-बायको दोघांनाही बोलवावे, आणि बाईशी एकदा तरी सासूच्या अनुपस्थितीत बोलावे.

तिसरी गोष्ट संमतीची. इंग्रजी अर्जावर फुली मारून दाखवलेल्या जागी अंगठा उमटवणे ही संमती नव्हे. जनुकीय उपचारांच्या चाचणीत तर रुग्णावर पुढची पंधरा वर्षे लक्ष ठेवावे लागते. ऊसतोडीला दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या माणसाला हे त्याच्या भाषेत, दोनदा, विचार करायला वेळ देऊन सांगावे लागेल. चाचणीत भाग घेणाऱ्या समाजांना यशस्वी झालेले औषध परवडेल अशा किमतीत मिळेल, याची लेखी हमीही आधी हवी. ‘नेक्सकार१९’ने दाखवले की सार्वजनिक संस्थांत संशोधन झाले तर किंमत उतरू शकते. जनतेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या सिकल सेलवरच्या संशोधनाला हीच अट लागू व्हावी.

चौथी गोष्ट अपंगत्वाची. जनुकीय तंत्राविषयी निर्णय घेणाऱ्या प्रत्येक समितीत अपंग व्यक्ती, जनुकीय आजाराचे रुग्ण आणि त्यांचे पालक असले पाहिजेत. कोणते आयुष्य जगण्यालायक आहे हे ठरवताना ते आयुष्य जगणाऱ्याला विचारले नाही, तर शिरूरची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागणार नाही.

यातले काहीही डॉक्टरांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. गर्भलिंगनिदानाच्या काळात कायदा मोडणारे हात डॉक्टरांचे होते, हे विसरता येत नाही. आणि त्याविरुद्ध पहिल्यांदा उभे राहिलेल्यांतही डॉक्टर होते, हेही विसरता येत नाही. पदवीने विवेकाची हमी मिळत नाही. ती हमी प्रश्न विचारणाऱ्या ग्रामसभेतून, आशाताईंच्या वहीतून, जन्मनोंदीतला मुलामुलींचा आकडा दर महिन्याला पाहणाऱ्या गावातून येते.

जनुकीय कात्री आजार कापू शकते. हुंडा, रंगाचे वेड, वंशाच्या दिव्याचा हव्यास आणि मजुरीतला खाडा ती कापू शकत नाही. हे सगळे जसेच्या तसे ठेवून ती हाती घेतली तर ती कोणावर चालेल, याचे उत्तर बीड जिल्ह्याने २०११ च्या जनगणनेत हजारामागे १९३ मुलींच्या रिकाम्या जागांनी लिहून ठेवले आहे.